‘आमच्याकडची संस्कृतीच तशी’ हा निष्कर्ष नव्हे: एचआयव्ही, कलंक आणि ‘बेटां’वरचं संशोधन

पेट झाली, मुलाखत झाली, आता सिनॉप्सिस लिहायचाय. विषय एचआयव्ही आणि सामाजिक कलंक. अशा सिनॉप्सिसच्या पहिल्या दोन पानांत एक वाक्य हमखास असतं: समाजातील रूढी, परंपरा व संस्कृती यांमुळे समलैंगिक व तृतीयपंथी व्यक्तींना कलंकाला सामोरे जावे लागते. या वाक्यावर आरआरसीत कुणी हरकत घेत नाही, गाइडही घेत नाहीत. पण जे शोधायचं होतं तेच आपण पहिल्या पानावर गृहीत धरून बसलो, हे पुढे तीन वर्षं लक्षात येत नाही. आजची पोस्ट या वाक्याबद्दल आहे.

हे वाक्य फक्त आपल्याकडचं नाही. कॅरिबियन आणि पॅसिफिक बेटांवरच्या एचआयव्ही संशोधनात त्याचं भावंड भेटतं, ‘बेटांची संस्कृती’. मांडणी साधारण अशी असते: समाज लहान, धर्मसंस्थेचा पगडा मोठा, मर्दानगीच्या कल्पना घट्ट, म्हणून समलैंगिक पुरुष आणि पारलिंगी व्यक्ती तपासणीला येत नाहीत, औषधं अर्धवट सोडतात. यातला प्रत्येक तुकडा कुठे ना कुठे खरा आहे. माझा आक्षेप त्या ‘म्हणून’ला आहे.

जमैकाचं उदाहरण घ्या. पुरुषांमधल्या संबंधांना गुन्हा ठरवणारा तिथला कायदा १८६४ चा. २०२४ पर्यंत लागू असलेली आपली भारतीय दंडसंहिता १८६० ची, त्यातच कलम ३७७ होतं. दोन्ही एकाच साम्राज्याच्या कारकिर्दीतले. मग जमैकातल्या भीतीला ‘बेटाची संस्कृती’ आणि इथल्या भीतीला ‘भारतीय संस्कृती’ म्हणायचं, की दोन्हीकडे एकाच सरकारने लिहिलेला कागद आहे हे आधी नोंदवायचं? सामोआत तर उलटंच चित्र दिसतं. फाफाफिने म्हणून ओळखल्या जाणाऱ्या व्यक्तींना घरात, चर्चमध्ये, कामाच्या वाटपात जागा आहे, आणि कायद्यात मात्र पुरुषांमधला संबंध अजून गुन्हा आहे. संस्कृती आणि कायदा इथे एका दिशेला चालत नाहीत. ‘संस्कृती’ हा एकच चल धरला तर सामोआचं काय करायचं, हे कोष्टकाला कळणार नाही.

मॉरिशस आपल्याला जास्त जवळचं. तिथे पिढ्यान् पिढ्या राहणारी मराठी माणसं आहेत, गणपती बसतात, मराठी शिकवली जाते. बेट, लहान समाज, अनेक धर्म, सगळं आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने फौजदारी संहितेतलं कलम २५० प्रौढांमधल्या संमतीच्या खासगी संबंधांपुरतं रद्द ठरवलं. न्यायालयाने म्हटलं त्याचा आशय असा की, हे कलम मॉरिशसच्या मूल्यांतून आलेलं नाही, तो वसाहतीचा वारसा आहे. जे आपण ‘तिथली संस्कृती’ म्हणून निष्कर्षात लिहिलं असतं, ते तिथलं नाहीच असं तिथल्याच न्यायालयाने सांगितलं. शिवाय मॉरिशसमधली एचआयव्हीची साथ प्रामुख्याने सुईने नशा करणाऱ्यांमधून वाढली. म्हणजे ‘बेट’ म्हटलं की एकच कथा, हेही खरं नाही.

मग बेटांवरच्या संशोधनात घेण्यासारखं काहीच नाही का? आहे. मला वाटतं, त्यातली सगळ्यात मोलाची गोष्ट बहुतेकदा ‘मर्यादा’ या प्रकरणात किंवा मुलाखतींच्या उताऱ्यांत पडून असते: दवाखान्यातली नर्स नात्यातली निघते. लोकांना भीती असते ती बऱ्याचदा तत्त्वांची नसते, बातमीची असते. आणि बातमी ही मोजता येण्यासारखी, नकाशावर काढता येण्यासारखी गोष्ट आहे.

आता माझं गाव घ्या. कासुर्डी, दौंड तालुका, पुणे-सोलापूर रस्त्यावर यवतच्या अलीकडे. ऊस, गुऱ्हाळं, रस्त्याला लागून ढाबे, रात्रभर ट्रक. पुणे चाळीसेक किलोमीटर. बेट म्हणावं असं इथे काहीही नाही. पण समजा गावातल्या तिशीतल्या, लग्न झालेल्या, पुरुषांशीही संबंध असलेल्या एका माणसाला एचआयव्हीची तपासणी करून घ्यायचीय. जवळच्या सरकारी दवाखान्यात गेला तर केसपेपर काढणारा शाळेतला वर्गमित्र असू शकतो, रांगेत भावकीतल्या काकू असू शकतात, आशाताई तर शेजारच्याच आळीतल्या. यातलं कुणीही दुष्ट नाही. काकू काळजीनेच विचारतील, ‘काय रे, काय झालं तुला?’ समुपदेशनाची खोली गोपनीय असते, तिच्या बाहेरचं बाकडं गोपनीय नसतं. तो माणूस एसटी पकडून थेट पुण्यात ससूनला जाईल, किंवा जाणारच नाही. त्याच्या मनात कलंक किती, हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न असा की घर आणि तपासणी यांच्या मध्ये ओळखीची माणसं किती. बेटावर हेच होतं. पाणी नसलं म्हणून काय झालं.

आता मोजमापाकडे येऊ. कलंक मोजण्यासाठी आपल्याकडे सगळ्यात जास्त उद्धृत होणारे आकडे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातले, म्हणजे एनएफएचएसमधले असतात. तिसऱ्या फेरीत (२००५-०६) आणि चौथ्या फेरीत (२०१५-१६) ‘स्वीकाराचा दृष्टिकोन’ चार प्रश्नांवर ठरवला होता. एचआयव्ही झालेल्या नातेवाइकाची घरात काळजी घ्याल का? एचआयव्ही असलेल्या दुकानदाराकडून ताजी भाजी घ्याल का? एचआयव्ही असलेल्या पण आजारी नसलेल्या शिक्षिकेला शिकवू द्यावं का? आणि घरातल्या कुणाला एचआयव्ही झाला तर ते गुपित राहावं असं वाटेल का?

भाजीच्या प्रश्नात एक शहर गृहीत आहे. दुकानदार वेगळा, गिऱ्हाईक वेगळं, आवडलं नाही तर पुढचं दुकान. आमच्याकडे भाजी विकणारा चुलतभाऊ असतो आणि त्याच्याकडून भाजी न घेणं ही स्वतंत्र घटना ठरते, तिचे अर्थ लावले जातात. त्यामुळे लोक भाजी घेतील. घरी नेऊन गाईपुढे टाकतील तेही शक्य आहे. सर्वेक्षणात त्याची नोंद ‘स्वीकार’ अशीच होईल.

खरी गडबड मात्र चौथ्या प्रश्नात आहे, आणि ती नीट समजून घ्या, कारण तोंडी परीक्षेत यावर बोलता येईल. ‘गुपित ठेवायला नको’ असं म्हणणारा माणूस स्वीकार करणारा, आणि ‘गुपित ठेवावं’ म्हणणारा पूर्वग्रह असलेला, अशी ती गणना आहे. आता एखादी आई म्हणते, माझ्या पोराचं कुणाला कळू नये. ती पोराला लाजतेय की पोराला वाचवतेय? सर्वेक्षणाने तिला कलंकाच्या खात्यात टाकलं. दुसरीकडे एचआयव्ही आणि एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) कायदा, २०१७ गोपनीयतेला हक्क मानतो. संमतीशिवाय कुणाचीही स्थिती उघड करायची नाही. जे कायद्यात हक्क आहे ते सर्वेक्षणात पूर्वग्रह म्हणून मोजलं गेलं. प्रश्नावली बनवणारे अडाणी होते असं मुळीच नाही. त्यांनी कलंक हा माणसाच्या डोक्यातला दृष्टिकोन मानला, आणि दृष्टिकोन मानला की गुपित संशयास्पद दिसायला लागतं.

शिवाय या चारही प्रश्नांत समलैंगिक किंवा पारलिंगी व्यक्ती कुठेच नाही. नातेवाईक, दुकानदार, शिक्षिका. या माणसांसाठी गुपितं दोन असतात आणि पहिलं फुटलं की दुसरं धोक्यात येतं, कारण गाव पुढचा प्रश्न विचारतंच: ‘कुठून आणला?’ विवाहित पुरुषाकडे त्याचं एक तयार उत्तर असतं. बाईकडे गेलो होतो. त्यावर बायको रडते, आई बोलते, मित्र हसतात, पण तो पुरुषांच्या यादीतून बाहेर पडत नाही. दुसरं उत्तर दिलं तर पडतो. संसर्गाचा मार्ग कोणता, हे तपासणी केंद्रावर माणूस स्वतः सांगतो तेच लिहिलं जातं. भारतात बहुतांश संसर्ग स्त्री-पुरुष संबंधांतून, हे आपण पाठ केलेलं वाक्य आहे, आणि ते मोठ्या अंशी बरोबरच असणार. पण त्या आकड्यात काही पुरुषांनी कलंकापायी दिलेलं ते तयार उत्तरही मिसळलेलं आहे, हे लिटरेचर रिव्ह्यूत एका ओळीत तरी यावं.

बातमी कोण फोडतं, हाही संशोधनाचा प्रश्न आहे, आणि त्याचं जवळचं ऐतिहासिक उदाहरण गोव्याचं. पर्रा गावचे डॉमिनिक डिसूझा रक्तदान करत. त्या रक्ताच्या चाचणीत एचआयव्ही आढळला. १४ फेब्रुवारी १९८९ ला पोलिसांनी त्यांना ताब्यात घेतलं, आणि गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यातल्या दुरुस्तीच्या आधारे ६४ दिवस एकटं डांबून ठेवलं. आई लुसी डिसूझा यांनी मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. १९९० च्या निकालात न्यायालयाने विलगीकरणाची तरतूद घटनाबाह्य ठरवायला नकार दिला. डॉमिनिक १९९२ मध्ये गेले, त्याआधी त्यांनी ‘पॉझिटिव्ह पीपल’ ही संस्था उभी केली. २००५ चा ‘माय ब्रदर निखिल’ हा हिंदी चित्रपट या घटनेवरून सुचलेला, त्यात नायक समलैंगिक आहे. चित्रपट चांगला आहे, जरूर बघा. पण त्याचा जीव घर, बहीण आणि प्रियकर यांच्या नात्यांत आहे, आणि प्रेक्षक बाहेर पडतो तो ‘लोक किती निष्ठुर’ असं म्हणत. खऱ्या प्रकरणात मात्र सुरुवात लोकांनी केली नव्हती. गावाला बातमी दिली ती पोलिसांनी. कलंकाच्या अभ्यासात शेजाऱ्यांना प्रश्नावली देणं सोपं असतं, पोलीस ठाण्याला देणं अवघड. त्यामुळे आपल्या प्रबंधांत शेजारी नेहमी दोषी दिसतात.

रिचर्ड पार्कर आणि पीटर ॲगलटन यांनी २००३ च्या लेखात नेमकं हेच सांगितलं. कलंक ही डाग लागलेल्या माणसाची किंवा डाग लावणाऱ्याच्या मनाची गोष्ट म्हणून थांबू नका, त्यात सत्ता कुणाची आहे ते बघा. त्याआधी २००१ मध्ये लिंक आणि फेलन यांनी कलंकाचे घटक सुटे केले होते: नाव देणं, त्या नावाला वाईट गुण चिकटवणं, ‘ते’ आणि ‘आपण’ करणं, मग दर्जा घसरणं आणि भेदभाव. हे सगळं सत्ता असेल तरच चालतं, हेही त्यांनी लिहिलंय. गॉफमनचं १९६३ चं पुस्तक सगळे उद्धृत करतात. या दोन लेखांपर्यंत बरेच जण पोचत नाहीत. तुम्ही पोचा.

नाव देण्यावरून आठवलं. सरकारी मराठीत ‘अतिजोखमीचा गट’ म्हणतात आणि त्यात ‘एमएसएम’ येतात, म्हणजे पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष. ओळख विचारायची नाही, वर्तन मोजायचं, हा त्यामागचा चांगला हेतू. यंग आणि मेयर यांनी २००५ मध्ये त्यावर टीका केली की वर्तनाच्या नावाखाली माणसांची स्वतःची ओळख, नाती, समाज सगळं पुसलं जातं. आपल्याकडे तर कोथी, हिजडा, जोगता, आणि ‘मी काही तसा नाही, फक्त कधीकधी’ म्हणणारा गावातला माणूस, हे सगळे या चौकटीत बसवायचे होते. लॉरेन्स कोहेन यांनी ‘कोथी’ हे नावच एड्सच्या निधीच्या आणि संस्थांच्या राजकारणात कसं घट्ट झालं ते दाखवलंय. २०१७ च्या सेंटिनल सर्व्हेलन्समध्ये एमएसएम गटात एचआयव्हीचं प्रमाण २.६९ टक्के, हिजडा आणि पारलिंगी व्यक्तींमध्ये ३.१४ टक्के, त्या वर्षी देशातल्या प्रौढांसाठीचा अंदाज ०.२२ टक्के. फरक मोठा आहे, काळजीचा आहे. पण पहिले दोन आकडे हस्तक्षेप प्रकल्पांच्या संपर्कात आलेल्या लोकांचे आहेत. कासुर्डीचा आपला तो माणूस त्यात नाही.

तरी एक मान्य करायला हवं. या माणसांकडे सरकारने पहिल्यांदा नीट बघितलं ते एचआयव्हीमुळेच. दिल्लीच्या नाझ फाउंडेशनची २००१ ची याचिका मुळात एचआयव्हीच्या कामात पोलिसांचा अडथळा येतो म्हणून होती. त्या खटल्यात गृहखात्याचं म्हणणं एक आणि आरोग्य खात्याच्या बाजूने नॅकोचं म्हणणं दुसरं, असं एकाच सरकारने दोन तोंडांनी सांगितलं. मुंबईत हमसफर ट्रस्ट, पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी २००२ मध्ये सुरू केलेला समपथिक ट्रस्ट, या संस्थांच्या कामाला एचआयव्हीच्या कार्यक्रमाने आधार दिला. खिऱ्यांची ‘पार्टनर’ (वपुंची नव्हे!) आणि लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांचं ‘मी हिजडा... मी लक्ष्मी!’ ही पुस्तकं माझ्या मते क्षेत्रकार्याला जाण्याआधी वाचायलाच हवीत. दिशा पिंकी शेख यांचा ‘कुरूप’ हा कवितासंग्रहही. कविता वाचून काय मिळणार असं विचारू नका. माणसं स्वतःबद्दल कोणता शब्द वापरतात ते मिळतं.

शब्दांचा प्रश्न मराठीत लिहिणाऱ्यांसाठी मोठा आहे. स्टिग्मा म्हणजे ‘कलंक’ असं आपण सरसकट लिहितो. पण कलंक कुळाला लागतो. विटाळ स्पर्शाने होतो. अब्रू जाते. माणसाला वाळीत टाकतात. या चार वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांचे कर्तेही वेगळे आहेत. वाळीत टाकणाऱ्यांविरुद्ध महाराष्ट्राने स्वतंत्र कायदा केला, तो जुलै २०१७ पासून लागू आहे. विटाळाचा इतिहास जातीचा आहे, आणि हातातून पाणी न घेणं हे एचआयव्हीने गावाला शिकवलेलं नाही, ते आधीपासून येत होतं. हैदराबादच्या हिजड्यांवरच्या अभ्यासात गायत्री रेड्डी यांनी सगळं पुस्तक ‘इज्जत’ या एका शब्दाभोवती रचलं. त्या माणसांचा शब्द धरून विचार केला, म्हणून ते पुस्तक टिकलं. आपण इंग्रजी प्रश्नावलीचं भाषांतर करतो आणि चारही गोष्टींना ‘कलंक’ म्हणून मोकळे होतो.

आणि ‘संस्कृती’च म्हणायची तर आमच्या भागातली संस्कृती बघायला या. यवतच्या पुढे चौफुला आहे, कला केंद्रांसाठी प्रसिद्ध. तमाशातल्या नाच्याला दाद देणारं गाव आणि घरातल्या बायकी चालीच्या पोराला ठोकणारं गाव एकच असतं. आनंद यादवांच्या ‘नटरंग’मधला गुणा हेच भोगतो. फडावर टाळ्या, घरी दार बंद. म्हणजे गावाला हे वागणं ठाऊक नाही किंवा मान्य नाही, असं नाही. कुठे मान्य आहे आणि कुठे नाही, याच्या जागा ठरलेल्या आहेत. मग संशोधनाचा प्रश्न जागांचा होतो. देवीच्या दारात जोगत्याला नमस्कार, आणि दवाखान्याच्या रांगेत? प्रश्न असा विचारला तर उत्तर प्रत्येक गावात वेगळं येऊ शकतं, आणि वेगळं उत्तर येण्याची शक्यता असेल तरच त्याला गृहीतक म्हणता येतं.

कायद्याचंही तसंच वाचायला हवं. नवतेज जोहर निकाल ६ सप्टेंबर २०१८ चा, आणि २०१७ चा एचआयव्ही कायदा लागू झाला १० सप्टेंबर २०१८ ला. चार दिवसांच्या अंतराने दोन्ही. प्रबंधात लोक इथे ‘ऐतिहासिक’ लिहून पुढे जातात. थांबा आणि तपशील वाचा. या कायद्यात तक्रार अधिकारी नेमण्याची सक्ती शंभर किंवा अधिक माणसांच्या आस्थापनेला आहे, आरोग्य सेवा देणाऱ्या आस्थापनेसाठी ती मर्यादा वीस. गावच्या उपकेंद्रात वीस माणसं कुठून आणायची? गुऱ्हाळावर शंभर? जिथे सगळे एकमेकांना ओळखतात अशाच जागा या कलमाच्या खाली सुटून जातात. तिथे लोकपालाकडे जायची वाट उरते, म्हणजे पुन्हा आपलं नाव आणखी एका कागदावर.

कागदावरूनच शेवटचा मुद्दा, आणि हा तुमच्या स्वतःच्या कामाचा आहे. र. धों. कर्व्यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ला (१९२७ ते १९५३) लोक खासगी प्रश्न लिहून पाठवत, कारण पत्र दूर जात होतं. अशाच उत्तरांवरून १९३४ साली खटला झाला आणि कर्व्यांची बाजू डॉ. आंबेडकरांनी मांडली. विचारणाऱ्याला आडोसा होता, उत्तर देणारा पकडला गेला. आज आपल्या संशोधनात बहुतेकदा उलट होतं. ‘दौंड तालुक्यातील, ३२ वर्षीय, पदवीधर, किराणा दुकान चालवणारी पारलिंगी व्यक्ती’ असं लिहून पुढे ‘नाव बदलले आहे’ अशी टीप टाकायची. तालुक्यात असं दुसरं कुणी नसेल तर नाव बदलून काय बदललं? सेरेना नंदा यांनी १९९० च्या पुस्तकात शहराचंच नाव बदललं होतं. तुम्ही वय पाच वर्षांच्या गटात द्या, धंदा ढोबळ लिहा, दोन मुलाखतींचे तपशील एका माणसाच्या नावावर जोडू नका, आणि तालुका गाळायचा की ठेवायचा ते मुलाखतीआधी ठरवा. मुलाखत कुठे घ्यायची हे समोरच्याला ठरवू द्या. त्याने चाळीस किलोमीटर लांबची जागा सांगितली तर तीही नोंद आहे, प्रवासखर्चासकट लिहून ठेवा.

संमतीपत्रावरच्या सहीचा विचार तर आधीच करा. पुष्कळदा त्या माणसाला तुमच्या विषयाशी जोडणारा जगातला एकमेव कागद तोच असतो, आणि तो तुमच्या हॉस्टेलच्या कपाटात असतो. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार नैतिकता समितीच्या परवानगीने तोंडी संमती घेता येते. त्यासाठी त्रयस्थ साक्षीदार लागत असेल तर तो गावातला, ग्रामपंचायतीतला किंवा आशाताईंच्या ओळखीतला घेऊ नका. अर्जात हे कारणासह लिहा. समितीत डॉक्टर असतील तर भाजीच्या दुकानापेक्षा बाकड्याचं उदाहरण त्यांना लवकर पटतं.